स्टेपलरच्या पिनांखालची पट्टी: घ्यावी का, आणि ती कशाची?

‘सिस्टर, नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, 67 वर्षांचे आहेत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात 31 वर्षं नोकरी केली. बिडी मागच्या वर्षी सुटली. सात महिन्यांत दोनदा त्यांच्या उजव्या फुफ्फुसातून हवा बाहेर येऊन छातीत साठली, दोन्ही वेळा नळी घालावी लागली. आता डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून फुगे आलेला भाग स्टेपलरने कापून काढायला सांगितलंय. एस्टिमेटमध्ये स्टेपलर आणि रीलोडच्या खाली “स्टेपल लाइन रीइन्फोर्समेंट – 4” अशी वेगळी ओळ आहे. तिच्यापुढची रक्कम बघून माझा भाऊ भडकला. तो म्हणतो, स्टेपलर घेतोय ना, मग त्याला वर अस्तर कशाला? आणि विरघळून जाणारी वस्तू इतकी महाग का घ्यायची? त्यात माझ्या नणंदेने कुठेतरी वाचलं की ही पट्टी गाईच्या हृदयावरच्या आवरणाची असते. आई माळकरी आहे. हे ऐकल्यापासून ती नीट जेवलेली नाही. डॉक्टरांना हे कसं विचारू? ते हसतील का?
– एक लेक’

ताई,

आधी आईंना जेवायला बसवा. ही पट्टी गाईचीच असते असं मुळीच नाही. तुमच्या नणंदेने वाचलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुमच्या भावाने ‘विरघळणारी’ हा शब्द कुठून आणला माहीत नाही, पण डॉक्टरांनी तो वापरला असेल तर बहुधा ती कारखान्यात तयार झालेली कृत्रिम पट्टी आहे आणि तिच्यात प्राण्याचं काही नाही. ‘बहुधा’वर मात्र थांबायचं नाही. नक्की करून घ्यायचं. ते कसं, ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. अप्पांचा सीटी स्कॅन मी पाहिलेला नाही आणि ऑपरेशन करावं की नाही यावर मी काही बोलणार नाही. पण 34 वर्षं मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काढली, त्यातली शेवटची 19 छातीच्या शस्त्रक्रियांच्या टेबलाशी. या पट्ट्या माझ्या हातांनी स्टेपलरच्या जबड्यांवर किती वेळा चढवल्या असतील याची मोजदाद नाही. त्यामुळे या एका वस्तूबद्दल मी तुमच्याशी मोकळेपणाने बोलू शकते.

भाऊ विचारतो तो प्रश्न चांगला आहे, त्याला रागावू नका. स्टेपलर घेतोय तर वर अस्तर कशाला? तुमच्या घरी भाकरी होतच असेल. तव्यावर भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा कसा होतो? बोट लागलं तरी फाटतो. वर्षानुवर्षं बिडीचा धूर गेलेल्या फुफ्फुसावर तसेच फुगे येतात, त्यांना बुला म्हणतात. हवेच्या लहान लहान पिशव्यांच्या मधल्या भिंती झिजतात, त्या एकत्र होतात आणि वर राहतो तो पापुद्रा. अप्पांच्या छातीत दोनदा फाटला तो हाच.

आता स्टेपलर काय करतो ते बघा. रीलोड म्हणजे त्याचं काडतूस, साधारण 45 किंवा 60 मिलिमीटर लांबीचं. फुफ्फुसाची कड जबड्यात धरायची आणि फायर करायचं. टायटॅनियमच्या बारीक पिना वळून इंग्रजी ‘बी’ अक्षरासारख्या होतात, कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळींत बसतात आणि त्याच वेळी मधून सुरी धावते. कापणं आणि शिवणं एका दमात. 1908 साली बुडापेस्टला ह्युमेर ह्युल्टल नावाच्या सर्जनांनी पहिला स्टेपलर वापरला तेव्हा तो साडेतीन किलोंहून जड होता. आज तोच दुर्बिणीच्या भोकातून आत जातो.

पण पिन शेवटी पिनच. चांगल्या, जाड ऊतीत ती घट्ट बसते. पापुद्र्यात मात्र प्रत्येक पिनेचं भोक हीच नवी गळती होऊ शकते, कारण हे काही एका जागी गप्प राहणारं कापड नाही. दर श्वासाला ते ताणतं आणि दर खोकल्याला त्याला झटका बसतो. शर्टाच्या बटनपट्टीत शिंपी आतून बकरम का घालतो? नाही घातलं तर बटण दोन धुण्यांत कापडासकट निघून येतं. ही पट्टी म्हणजे फुफ्फुसाचं बकरम. ती स्टेपलरच्या दोन्ही जबड्यांवर चढवतात, म्हणजे फुफ्फुस मध्ये आणि वर-खाली पट्टी. पिना तिघांतून आरपार जातात, त्यांचा दाब एका टोकावर न येता पट्टीभर पसरतो, आणि भोकं झाकली जातात. हल्ली काही ठिकाणी उशीसारख्या दबणाऱ्या थरांचाही विचार चालतो, म्हणजे ऊती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असली तरी मधली पोकळी भरून यावी. कल्पना तीच, पिनेला टेकायला मऊ जागा द्यायची.

पाकीट फाडलं की आत पांढरी, दाबलेल्या कापसासारखी पातळ पट्टी निघते. काही पट्ट्या जबड्यावर झबल्यासारख्या चढतात, काही नुसत्या चिकटतात. ती सरळ बसली आहे ना, कड दुमडली नाही ना, हे बघायला मला दिव्याखाली अर्धं मिनिट लागायचं, आणि ते अर्धं मिनिट मी कधी वाचवलं नाही. अजून एक गोष्ट इथे असते. पिना वेगवेगळ्या उंचीच्या येतात आणि रीलोडच्या रंगावरून ती उंची ओळखतात. पट्टीचीही जाडी असते, ती या उंचीत धरावी लागते. पिन आखूड पडली तर नीट वळत नाही, फार उंच घेतली तर सैल बसते. हे काम सर्जनचं, तुम्ही त्यात पडू नका. पण पट्टी लावली म्हणजे आपोआप सगळं ठीक, असं नसतं हे भावाला कळलेलं बरं.

आता फायदा खरंच होतो का. अप्पांसारख्या झिजलेल्या फुफ्फुसासाठी, होतो असं म्हणायला चांगला आधार आहे. 1994 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जोएल कूपर या सर्जनांनी अशाच फुफ्फुसांवर स्टेपलरखाली पट्टी घालण्याची रीत मांडली. ती पट्टी गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली होती, म्हणजे नणंदेने वाचलेलं मूळ इथलं. 1997 च्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या अशाच शस्त्रक्रियेत पट्टी लावलेल्या रुग्णांची नळी सरासरी अडीच दिवस लवकर निघाली. निरोगी फुफ्फुसावर मात्र फरक इतका ठळक दिसत नाही. आणि पोटाच्या शस्त्रक्रियेत चित्र आणखी वेगळं आहे. जठर लहान करण्याच्या ऑपरेशनांबद्दल अमेरिकेतल्या मोठ्या नोंदणीवरून 2016 साली जे विश्लेषण आलं, त्यात पट्टी लावलेल्यांत रक्तस्राव थोडा कमी, पण गळती थोडी जास्त दिसली. हे मुद्दाम सांगतेय, कारण इंटरनेटवर पोटाबद्दलचं वाचून कुणी तुम्हाला घाबरवेल. पोट वेगळं, फुफ्फुस वेगळं, आणि अप्पांचं फुफ्फुस तर आणखी वेगळं.

अडीच दिवस ऐकायला कमी वाटतात. ज्यांनी ती बाटली पाहिली आहे त्यांना वाटत नाहीत. तुम्ही दोनदा पाहिली आहे. पलंगाशी ठेवलेली, पाण्यात नळीचं टोक बुडालेलं, अप्पा खोकले की गुडगुड बुडबुडे. रात्री वॉर्ड शांत झाला की तो आवाज नातेवाइकांना झोपू देत नाही. पाच दिवसांहून जास्त बुडबुडे चालू राहिले तर त्याला लांबलेली हवागळती म्हणतात. मग पलंग सुटत नाही, नळीच्या जागेला जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हातारा माणूस खोल श्वास घ्यायला घाबरतो आणि त्याने खाली कफ साठतो. पट्टीची किंमत भावाने या दिवसांच्या शेजारी ठेवून बघावी. आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाच्या फुफ्फुसासाठी मी माझ्या घरच्या माणसाला ‘लावा’ असंच सांगितलं असतं. तरीही पट्टी म्हणजे हमी नव्हे. पट्टी लावूनही बुडबुडे राहिलेले मी पाहिले आहेत. तसं झालं तर कुणी फसवलं असं लगेच मनात आणू नका.

विरघळणारी वस्तू महाग का घ्यायची, याचं उत्तर तुमच्या गल्लीतच आहे. स्लॅब टाकला की खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीटने जोर धरला की ते काढतात, कुणी म्हणत नाही की काढायचंच होतं तर लावलं कशाला. पट्टीचं काम पहिल्या काही आठवड्यांचं, कापलेली कड स्वतः भरून येईपर्यंतचं. त्यानंतर ती तिथे नसलेलीच बरी. न विरघळणाऱ्या पट्ट्या क्वचित वर्षांनंतर श्वासनळीत सरकून खोकल्यातून बाहेर पडल्याच्या नोंदी आहेत. विरघळणाऱ्या पट्ट्यांकडे सर्जन वळले त्याचं हेही एक कारण.

ती विरघळते म्हणजे काय, याचीही भीती नको. या पट्ट्यांत सगळ्यात जास्त वापर पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा असतो, कधी त्यात दुसरा घटक मिसळतात. जपानमध्ये याच पदार्थाची मऊ चादर फुफ्फुस फुटण्याच्या शस्त्रक्रियेत पिनांच्या ओळीवर पसरतात. विरघळणाऱ्या टाक्यांचा धागाही याच कुळातला. तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात टाके पडले असतील तर ते ‘काढायला नाही यावं लागत’ असं सिस्टरने सांगितलं असेल, तेच हे. शरीरातलं पाणीच त्याचे तुकडे करतं, ते लघवीतून आणि श्वासातून बाहेर जातात. ताकद काही आठवड्यांत जाते, पूर्ण विरायला पदार्थाप्रमाणे तीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत लागतात. टायटॅनियमच्या पिना मात्र कायम राहतात. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ‘छातीत टायटॅनियमच्या पिना आहेत’ एवढं सांगायचं.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. एका मोठ्या कंपनीची विरघळणारी पट्टी 2012 साली छातीच्या शस्त्रक्रियांसाठी परत बोलावली गेली होती, कारण तिच्यामुळे आजूबाजूच्या अवयवांना इजा होऊ शकते असं आढळलं, आणि त्यात रुग्ण दगावल्याच्याही नोंदी होत्या. पोटात चालणारी प्रत्येक पट्टी छातीत चालतेच असं नाही, हे त्यातून सगळेच शिकले. म्हणून डॉक्टरांना विचारा की जी आणणार आहात ती फुफ्फुसासाठी मंजूर आहे ना. एवढा साधा प्रश्न. चांगल्या सर्जनला तो आवडतो.

आणि आता आईंचा प्रश्न. तो मी मागे ठेवला, कारण मला त्यावर सावकाश बोलायचं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे एका काकांचं असंच ऑपरेशन झालं. छान झालं. चौथ्या दिवशी नळी निघाली. त्यांच्या फाइलमध्ये आम्ही पट्टीच्या पाकिटाचं स्टिकर चिकटवलं होतं, नियमाप्रमाणे. त्यांच्या मुलाने डिस्चार्जच्या दिवशी ते वाचलं आणि ‘बोवाइन’ या शब्दावर त्याचं बोट थांबलं. त्याने मला अर्थ विचारला आणि मी सांगितला, गाईगुरांपासूनचं. काकू शेजारीच उभ्या होत्या, गळ्यात माळ. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पिशवी भरता भरता त्यांचे हात थांबले. त्या एवढंच म्हणाल्या की आधी विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलंही असतं. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. पण कुणी सांगितलंही नव्हतं, आणि ती पट्टी ज्या हातांनी चढवली ते हात माझे होते. त्यानंतर प्रत्येक पेशंटला मी आधीच्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन विचारत राहिले. काही जण ‘काही हरकत नाही’ म्हणायचे, काही जण थबकायचे, आणि थबकणाऱ्यांसाठी आम्ही दुसरी मागवायचो. मिळायची. कधी एक दिवस जास्त लागायचा, एवढंच.

म्हणून, ताई, डॉक्टर हसतील का याचा विचार करू नका. हसले तर ते त्यांचं चुकलं. ओपीडीत खुर्चीवर बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सरळ म्हणा, ‘डॉक्टर, ही पट्टी कृत्रिम आहे की प्राण्याच्या ऊतीची? आमच्या घरी प्राण्याची चालणार नाही. कृत्रिम विरघळणारी मागवता येईल का?’ उत्तर मिळालं की ते केसपेपरवर लिहून घ्या आणि ओटीच्या इंचार्ज सिस्टरलाही सांगा, कारण सामानाची मागणी, म्हणजे इंडेंट, तिच्या हातून जातो. हे ट्रॉलीवर झोपवल्यावर विचारायचं नाही. तेव्हा कुणालाच दुसरी पट्टी आणायला वेळ नसतो.

पट्टीपाशी थांबूही नका. हवेची गळती थांबवायला कधी एक जैविक गोंद लावतात, तो माणसाच्या रक्तातल्या घटकांपासून होतो आणि काहींत प्राण्यांपासून काढलेला घटकही असतो. रक्तस्राव थांबवायचे काही स्पंज जिलेटिनचे असतात. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जे हेपॅरिनचं इंजेक्शन देतात, ते डुकराच्या आतड्यापासून तयार होतं. हे आईंना घाबरवायला सांगत नाही. पट्टीबद्दल मन शांत झाल्यावर तीन दिवसांनी हे कुणाकडून तरी कळून पुन्हा जेवण तुटायला नको, म्हणून सांगते. पट्टीला पर्याय आहे. हेपॅरिनला नेहमीच असेल असं नाही, आणि ते इंजेक्शन जीव वाचवतं. कुठे अडायचं आणि कुठे नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

बिलाबद्दल थोडक्यात. चार म्हणजे चार फायरिंग धरलेली आहेत, हा अंदाज आहे. प्रत्यक्षात तीनही पुरतील, आणि सर्जनला वाटलं तर जाड भागावर पट्टी न लावता फक्त पातळ भागावर लावतील. उघडलेल्या पाकिटांचेच पैसे लागतील ना, न उघडलेली परत जातील ना, हे आधी विचारून घ्या. प्रत्येक पाकिटाचं बॅच नंबर आणि एमआरपी असलेलं स्टिकर फाइलमध्ये हवं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. या पट्ट्यांना स्टेंटसारखी सरकारने ठरवलेली कमाल किंमत नाही, पण कंपनीला एमआरपी वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. विमा असेल तर हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघतात तिथे, ही ओळ दाखवून ‘मिळेल’ किंवा ‘नाही मिळणार’ हे लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर भावाला विश्वास ठेवू देऊ नका. पैशांची खरोखर ओढाताण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठे होतं ते त्याच हॉस्पिटलच्या किंवा ठाण्याच्या सरकारी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, विचारा. त्यात लाज कसली.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात भाऊ बोलतो, नणंद बोलते, आई बोलतात, तुम्ही बोलता. अप्पा एकदाही बोलत नाहीत. छाती त्यांची आहे, सही त्यांची लागणार आहे. त्यांना कुणी विचारलं का, की तुम्हाला काय वाटतं? 31 वर्षं कारखान्यात यंत्रांजवळ उभा राहिलेला माणूस आहे, त्याला पिन आणि पट्टी तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. आज संध्याकाळी निसर्ग उद्यानात त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा, दम लागला की बाकावर बसा, आणि हे सगळं त्यांना सांगा. आईंनाही बरोबर न्या. पुढच्या ओपीडीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत त्यांना बसवा, तुम्ही मागे उभ्या राहा.

आणि फिजिओथेरपिस्टने तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते ऑपरेशनआधी वापरायचं की नाही, आणि किती, हे विचारून घ्या. दोनदा फाटलेल्या फुफ्फुसावर आपल्या मनाने जोर लावायचा नाही. ऑपरेशननंतर खोकला येईल तेव्हा छातीशी धरायला घरची एक उशी न्या. हॉस्पिटलच्या उशा फार मऊ असतात.